एक ब्रास म्हणजे हजार वर्षं

हर्णे बंदराच्या वरच्या अंगाला, सड्यावर, हापूसची कलमं लावायची तर आधी माती आणावी लागते. सगळा जांभ्याचा कातळ. सुरुंगाने नाहीतर ब्रेकरने खड्डा फोडायचा आणि दुसरीकडून आणलेल्या मातीने भरायचा. कुंडीवाल्यांना आणि नर्सरीवाल्यांना हवी असते ती रानातली काळसर माती. पातेऱ्याखालची, भुसभुशीत, हातात घेतली की वास येणारी. त्या मातीला तोड नाही, हे खरंच आहे. माती येते ब्रासने आणि तिचा भाव ठरतो तोही ब्रासने. पण रानमाती ब्रासने मोजण्याची वस्तू नव्हे, ती वर्षांनी मोजावी.

हिशेब करून बघा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. गुंठाभर रानातून ब्रासभर माती काढायला किती खोल जावं लागेल? जेमतेम २.८ सेंटिमीटर, अंगठ्याच्या पेराएवढं. आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना सांगते की २ ते ३ सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षांपर्यंतचा काळ लागू शकतो. म्हणजे टेम्पोच्या एका खेपेत गुंठ्याची हजार वर्षं उचलली जातात. बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती बसते. तेवढ्यासाठी एक चौरस मीटर रान दीड सेंटिमीटर खरवडावं लागतं, आणि त्याच मापाने ती पाचशेहून जास्त वर्षांची कमाई ठरते. एका कुंडीत!

समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. १७५५ साली कमोडोर जेम्सने तोफा डागून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. हजार वर्षांना ३ सेंटिमीटर हा वेग धरला, तर त्या तोफा थंडावल्यापासून आजपर्यंत किनाऱ्यावरच्या रानात ८ मिलिमीटर माती तयार झाली असेल. हा वेग सगळीकडे सारखा नसतो. आपल्या उष्ण-दमट हवेत खडक लवकर झिजतो, पण आपला पाऊस माती तितक्याच झपाट्याने धुऊनही नेतो.

पावसाचंच बघा. दापोली भागात वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. एका चौरस मीटरवर साडेतीन हजार लिटर, एका गुंठ्यावर साडेतीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे ३५ टँकर एका गुंठ्यावर ओतल्यासारखंच ते. मोठा थेंब जमिनीवर सेकंदाला ९ मीटर वेगाने आदळतो. रानात हा मार आधी पानोळा झेलतो, मग पातेरा झेलतो. पातेरा ओढून नेला की उघडी माती त्याच पावसात लाल होऊन पऱ्ह्याने खाडीला जाते. १९८३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी देशातल्या जमिनीच्या धुपेचा अंदाज मांडला होता, दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांहून जास्त. याचा थर केला तर वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतो. जे साठायला तीन-चारशे वर्षं लागली, ते आठ वर्षांत जातं.

मोजून छाती दडपते ती पुढची गोष्ट. आषाढात आईन-किंजळाखालचा पातेरा हाताने हलकेच बाजूला करा. वरची पानं अखंड, त्याखालची जाळीदार, फक्त शिरा उरलेली, त्याखाली पान ओळखूच येत नाही. एखादा वाणी किडा अंग गुंडाळून घेतो. पानापानांना शिवत गेलेले पांढरे धागे दिसतात, ते बुरशीचे. एक ग्रॅम मातीत, म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत, कोट्यवधी जिवाणू असतात, कधी शंभर कोटींच्याही वर, आणि त्यांच्या जाती हजारोंनी. तेवढ्याच चिमटीत बुरशीचे धागे शंभर मीटर आणि त्याहून लांब भरू शकतात. झाडांच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशींचे धागे जगभरच्या वरच्या १० सेंटिमीटर मातीत किती असतील, याचा शास्त्रज्ञांनी अंदाज केला आहे. तो साडेचार लाख लाख कोटी किलोमीटरच्या पुढे जातो. आपली आकाशगंगा जेवढी रुंद, त्याच्या जवळपास निम्मं अंतर. २०२३ सालच्या एका अभ्यासाने पृथ्वीवरच्या सुमारे ५९ टक्के सजीव जातींचा संसार मातीत असल्याचं म्हटलं.

पहिल्या पावसाचा वासही याच मंडळींचा. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि माणसाचं नाक ते पाण्यात लिटरमागे ५ नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी ओळखतं. या मापाने एक चमचाभर जिओस्मिन शंभर कोटी लिटर पाण्याला पुरेल. दापोलीच्या २८ हेक्टरांवरचा अख्खा पावसाळा!

हे सगळं खरवडून कुंडीत भरलं की काय होतं? मुळांशी बांधलेली बुरशी जिवंत झाडावर जगते. झाड तिथेच राहिलं, धागे तुटले, की ती मरते. रोजच्या पाण्याने माती दबून घट्ट होते. वर्षभरात हाती उरते ती साधी माती. म्हणजे जे हवं म्हणून रान खरवडलं, तेच वाटेत संपलं. कायद्यालाही ही माती किरकोळ वाटलेली नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात, वनातून आणलेली पृष्ठभागाची माती 'वनोपज' ठरते, लाकडासारखीच.

कोकणी शेतकऱ्याने रानाचा कस शेतात आणला नाही, असं मात्र नाही. भाताची दाढ भाजायला, म्हणजे राबाला, तोडलेल्या फांद्यांची कवळ, पातेरा, शेणी आणि गवत लागायचं. राबासाठी रान मोकळं असावं, ही ठाण्या-कुलाब्याच्या शेतकऱ्यांची तक्रार १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढेही आली होती. त्या राबाने झाडं बोडकी झाली, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी एक फरक ध्यानात घ्या. फांदी पुन्हा फुटते, पान दरवर्षी गळतं. उष्ण कटिबंधातल्या रानात हेक्टरी ५ ते १० टन पातेरा दरवर्षी पडतो. माती तशी दरवर्षी पडत नाही.

म्हणून रानमातीऐवजी रानाची कृती घ्या. नेदरलँड्समध्ये पडीक शेतांवर जुन्या माळांतली माती एक सेंटिमीटरहूनही पातळ पसरली आणि तेवढ्यावर वनस्पतींचा मेळ बदलत गेला, असं २०१६ साली प्रसिद्ध झालं. विरजणाला ताक चमचाभरच लागतं. आपल्याच कलमांच्या, काजूच्या बागेतला पातेरा माघ-फाल्गुनात काडी लावून जाळतात. तो न जाळता सावलीत ढीग करावा, थराथरावर शेणकाला शिंपडावा, बागेतल्याच जुन्या झाडाखालची मूठभर माती मिसळावी, ओल धरून ठेवावी. आंब्या-काजूचं पान जाड, कुजायला वेळ घेतं. पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा. दिवाळीनंतर ढीग उपसला की खालच्या थरात तोच पांढरा धागा दिसतो, आणि कुंड्या भरायला तो माल पुरतो.