घशाखाली उतरणारी गोळी

नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचे निदान झालेला, 50 ते 64 किलो वजनाचा माणूस नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडच्या सरकारी दवाखान्यात उपचार सुरू करतो, तेव्हा त्याला रोज चार गोळ्या घ्याव्या लागतात. पहिल्या दोन महिन्यांत 56 मात्रा, पुढच्या चार महिन्यांत 112. एकूण हिशेब 672 गोळ्यांवर जातो. देशभर हाच हिशेब आहे, कारण राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात मात्रा वजनावरून ठरते. पहिल्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक गोळीत आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम असते. निव्वळ औषधच 900 मिलिग्रॅम झाले. त्यात गोळी बांधून ठेवणारे आणि पोटात फोडणारे पदार्थ मिसळले की गोळी मोठी होणार, हे टळत नाही.

अशी गोळी अशक्त, भूक मेलेल्या, मळमळणाऱ्या माणसाने सहा महिने रोज गिळायची आहे. गोळी घशात अडकते म्हणून एक दिवस चुकतो, मग दोन दिवस चुकतात. क्षयाच्या उपचारात असा खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे गोळीच्या बाहेरचा पातळ थर निव्वळ रंगरंगोटी समजून सोडून देण्यासारखा नाही.

औषध घशाखाली सहज उतरावे, ही खटपट फार जुनी आहे. नवव्या-दहाव्या शतकातले हकीम अल राझी गोळ्यांवर इसबगोलच्या बियांचा बुळबुळीत चिकटा चढवत, असा उल्लेख औषधनिर्माणाच्या इतिहासात येतो. पुढे सोन्या-चांदीच्या वर्खाच्या गोळ्या आल्या आणि मग साखरेच्या आवरणाचा जमाना आला. साखरेचा पाक थरावर थर चढवत जायचा, प्रत्येक थर वाळवायचा. हे काम कधी कधी काही दिवस चाले आणि कारागिराच्या हातावर अवलंबून असे. गोळी दिसायला देखणी होई, पण वजन निम्म्याने, काही वेळा दुपटीपर्यंत वाढे. अमेरिकेतल्या अ‍ॅबट कंपनीने 1950च्या दशकाच्या पूर्वार्धात पातळ फिल्मचे आवरण असलेली गोळी बाजारात आणली आणि हे चित्र पालटू लागले. फिल्म कोटिंगमध्ये वजन साधारण 2 ते 4 टक्केच वाढते आणि काम काही तासांत उरकते.

साखरेचे आवरण अजून संपलेले नाही. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात शाळकरी मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी लोहगोळी आणि गरोदर बाईला रोज घ्यावी लागणारी लाल गोळी, या दोन्ही साखरेच्या आवरणाच्याच ठरवलेल्या आहेत. लोहाची धातूसारखी चव साखर चांगली झाकते. मात्र जिथे गोळी मुळातच मोठी आहे, तिथे आवरणाने आणखी आकार वाढवणे परवडत नाही. तिथे फिल्मच हवी.

ही फिल्म असते साधारण 20 ते 100 मायक्रॉन जाड, म्हणजे जास्तीत जास्त मिलिमीटरचा दहावा भाग. तिचा मुख्य घटक बहुतेक वेळा एचपीएमसी असतो. झाडांतल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून तो बनवतात. लाळ किंवा पाणी लागले की त्याचा पृष्ठभाग फुगतो आणि निसरडा होतो. अल राझींच्या इसबगोलमागचे तत्त्व हेच होते. आवरण नसलेली गोळी ओल्या जिभेला चिकटते, तिचा भुगा सुटतो, कडू चव पसरते आणि घसा आपसूक आखडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्ये जेनेरिक गोळ्यांच्या आकाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. गोळीची सर्वात मोठी बाजू 22 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, असे त्यांत सांगितले आहेच. शिवाय आवरण नसेल तर त्याच आकाराची गोळी अन्ननलिकेतून पुढे सरकायला अडखळू शकते, हेही नोंदवले आहे.

खरा कस लागतो तो कारखान्याच्या कोटिंग विभागात. भोके असलेल्या मोठ्या पिंपात हजारो गोळ्या फिरत असतात. वरून स्प्रे गन द्रावणाचे बारीक तुषार मारते आणि गरम हवा गोळ्यांच्या थरातून वाहत पाणी उडवत राहते. तुषार गोळीवर पडून पसरला पाहिजे आणि पुढचा तुषार पडण्याआधी वाळला पाहिजे. या दोन क्रियांचा मेळ बसला नाही की दोष निघतात.

फवारा जास्त आणि हवा थंड असेल तर गोळ्या ओल्या राहून एकमेकींना चिकटतात आणि सुटताना आवरणाचा तुकडा उपटला जातो. त्याला ‘पिकिंग’ म्हणतात. उलट हवा फार गरम असेल तर तुषार गोळीवर पोचेपर्यंत अर्धवट सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. ‘ऑरेंज पील’ हा शब्द नागपूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. गिळण्याच्या दृष्टीने हा दोष विशेष त्रासाचा, कारण ज्या गुळगुळीतपणासाठी फिल्म चढवली, तोच हरवतो. लांबट, कॅप्सूलच्या आकाराच्या गोळ्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटून जोड्या तयार होतात, ते ‘ट्विनिंग’. त्यावरचा उपाय पुष्कळदा कोटिंगमध्ये नसतोच, तो साच्यात असतो. गोळीच्या कडेला किंचित फुगवटा दिला की जोड्या सुटतात.

म्हणून एकच बटण फिरवून प्रक्रिया सुधारत नाही. पाण्यातल्या एचपीएमसी द्रावणासाठी गोळ्यांच्या थराचे तापमान साधारण 40 ते 45 अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात, पण फवाऱ्याचा वेग वाढवला की तेच तापमान खाली येते. पिंप जोरात फिरवले तर रंग एकसारखा बसतो, मात्र कच्च्या गोळीच्या कडा झिजतात. द्रावण घट्ट केले तर वेळ वाचतो, पण ते नीट पसरत नाही. त्यामुळे तंत्रज्ञ हे घटक आखणी करून एकत्र बदलतात, प्रत्येक बॅचचा खरबरीतपणा, रंग, ओलावा आणि विरघळण्याचा वेळ मोजतात आणि प्रक्रिया निर्धोक चालेल असा पट्टा शोधतात. पट्टा जितका रुंद, तितकी रोजच्या उत्पादनातली चूक कमी.

फिल्म लवचिकही असावी लागते. या विषयावर नागपुरात महत्त्वाचे काम झाले आहे. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात ए. के. डोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोझिनवर दीर्घकाळ संशोधन केले. चीड वृक्षाच्या स्रावातून टर्पेंटाइन काढल्यावर मागे उरतो तो हा पदार्थ. त्यापासून बनवलेले पॉलिमर गोळीच्या फिल्मसाठी कसे वागतात, याचे त्यांचे निष्कर्ष 2002 मध्ये ‘ड्रग डेव्हलपमेंट अँड इंडस्ट्रियल फार्मसी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांचा रोख औषध हळूहळू सुटण्यावर अधिक होता. पण रोझिनची फिल्म ठिसूळ असते आणि तिला मऊपणा आणणारे प्लास्टिसायझर मिसळावे लागतात. एचपीएमसीच्या फिल्ममध्येही अशीच भर घालतात, नाहीतर ती वाळताना आक्रसते आणि कडेला तडकते.

तडकलेल्या फिल्मची किंमत विदर्भात जास्त मोजावी लागते. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि महिनाभरातच पावसाळी दमटपणा येतो. कारखाने गोळ्या सहा महिने 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेत ठेवून तपासतात, ते याचसाठी. तड्यातून ओल शिरली तर गोळी मऊ पडते आणि तोंडातच विरघळू लागते. घरी पत्र्याच्या छपराखाली किंवा चुलीजवळच्या फळीवर गोळ्या ठेवल्या तर उत्तम फिल्मचाही निभाव लागणे कठीण.

गिळण्याचा प्रश्न सोडवायचे दुसरे मार्गही आहेत. उमरेडपासून फार लांब नसलेल्या कळमेश्वर एमआयडीसीत झिम लॅबोरेटरीज ही कंपनी तोंडात विरघळणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या रूपात औषधे बनवते. क्षयाच्या लहान रुग्णांना पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. गोव्यात वेर्णा इथे कारखाना असलेल्या कलरकॉन कंपनीने गिळायला सोपे जावे म्हणून खास निसरडे आवरण बाजारात आणले आहे. मात्र 900 मिलिग्रॅम औषध पातळ पट्टीत मावत नाही. मोठ्या मात्रेसाठी गोळी आणि तिच्यावरची चांगली फिल्म, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

रुग्णाच्या हातातही काही गोष्टी आहेत. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये 151 जणांवर दोन पद्धती तपासल्या. गोळीसाठी प्लॅस्टिकच्या बाटलीला ओठ घट्ट लावून पाणी ओढून घ्यायचे. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, म्हणून ती घेताना मान मागे न टाकता हनुवटी छातीकडे झुकवायची. कॅप्सूलच्या बाबतीत 88.6 टक्के वेळा गिळणे सोपे झाले. ज्यांना पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनमुळे ठसका लागतो, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे प्रयोग करू नयेत. गोळी कुटून घेण्याआधी तर औषधवाल्याला विचारायलाच हवे. जठरातल्या आम्लापासून वाचवण्यासाठी लेपलेली पँटोप्राझोलची गोळी किंवा हळूहळू सुटणारी मेटफॉर्मिनची गोळी कुटली, तर तिच्या खास रचनेचा हेतूच संपतो.

भारतीय औषधसंहितेत फिल्म कोटेड गोळी 30 मिनिटांत फुटली पाहिजे, अशी अट आहे. ती घशातून किती सहज उतरते, याची चाचणी मात्र नाही. सरकार लाखो गोळ्या एकदम विकत घेते, तेव्हा निविदेत गोळीचा कमाल आकार, आवरणाचा गुळगुळीतपणा आणि खऱ्या रुग्णांकडून घेतलेला गिळण्याचा अभिप्राय, या तीन अटी घालता येण्यासारख्या आहेत. त्यांसाठी लागणारी माहितीही फार दूर नाही. उमरेड तालुक्यातल्या आशाताई आणि क्षयरोगाचे कर्मचारी गोळ्या चुकवणाऱ्यांच्या घरी जातातच. ‘गोळी का चुकली?’ याच्या जोडीला ‘घशात अडकते का?’ हा प्रश्नही त्यांच्या नोंदवहीत आला पाहिजे आणि ती उत्तरे गोळी बनवणाऱ्या कंपनीपर्यंत पोचली पाहिजेत.