परदेशस्थ विद्यार्थी आणि ‘निवासी’ या संज्ञेचे तीन अर्थ

संगमनेर येथे पदवी संपादन करून उच्च शिक्षणार्थ जर्मनीस गेलेला विद्यार्थी कोठला निवासी मानावा, हा प्रश्न वरवर सोपा भासतो. वस्तुतः परदेशाचा प्रवेशविषयक कायदा, आपला परकीय चलनाचा कायदा आणि प्राप्तिकराचा कायदा हे तिन्ही निवासाचे माप निरनिराळे लावतात.

व्हिसा हा मुख्यतः प्रवेशाचा परवाना होय. जर्मनीत दीर्घ वास्तव्यासाठी पुढे स्थानिक कार्यालयाकडून स्वतंत्र निवासपरवाना घ्यावा लागतो. निर्वाहाची तरतूद दाखविण्याचा रूढ मार्ग म्हणजे तेथील प्रतिबंधित खाते. त्यातील वार्षिक रक्कम सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, ठरविण्यात आली.

भारतात १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) १ जून २००० पासून अमलात आला. त्यात मागील वर्षातील वास्तव्याइतकेच महत्त्व प्रयाणाच्या हेतूस आहे. शिक्षणार्थ जाणारेही अनिवासीच होत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्ये केला. प्राप्तिकराचा कायदा मात्र प्रामुख्याने दिवस मोजतो. यास्तव जानेवारीत प्रयाण करणारा विद्यार्थी चलनाच्या दृष्टीने तत्काळ अनिवासी होतो. परंतु त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ तो येथे राहिलेला असल्यास कराच्या दृष्टीने निवासीच राहतो.

या भेदाचे परिणाम व्यावहारिक आहेत. त्याचे गावच्या बँकेतील बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात परिवर्तित करावे लागते. पूर्वी घेतलेले शैक्षणिक कर्ज चालू राहू शकते. निवासी पित्यास एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी धाडता येते.

शेतजमिनीचा नियम शेतकरी कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावा. निवासी असताना मिळालेली जमीन अनिवाशास स्वतःकडे ठेवता येते व वारशानेही जमीन मिळू शकते. परंतु नवी शेतजमीन खरेदीने अथवा बक्षीसपत्राने घेता येत नाही. पित्याने सद्भावनेने केलेले बक्षीसपत्रही अशा वेळी नियमबाह्य ठरते, आणि उल्लंघनाबद्दल गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

तात्पर्य, पारपत्र व व्हिसा हाती आल्याने सिद्धता पूर्ण होत नाही. बँकेस आपल्या बदललेल्या स्थितीची सूचना देणे आणि जमिनीचा कोणताही दस्त करण्यापूर्वी ती स्थिती तपासणे, हाही प्रयाणाच्या तयारीचाच भाग होय.