सहा पानांचे मोल

दिवाळी जवळ आली की घरोघर साफसफाई सुरू होते. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या जुन्या घरातही माळ्यावरची पेटी खाली उतरते आणि तिच्यातील पिवळे पडलेले कागद रद्दीत जातात. पण कागदाचे मोल का वजनावर ठरते?

नॉर्वे देशात नील्स आबेल नावाचा एक गरीब तरुण गणिती होता. पाचव्या घाताचे सर्वसाधारण समीकरण बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व मूळ काढणे एवढ्याच क्रियांनी सोडविता येत नाही, हे त्याने सिद्ध केले. १८२४ साली त्याने हा निबंध पदरमोड करून छापविला. खर्च वाचावा म्हणून सारी सिद्धता त्याने सहा पानांत बसविली! थोर गणिती गाउस यांना त्याने एक प्रत पाठविली. गाउस यांच्या मृत्यूनंतर ती सापडली, तेव्हा तिची पानेही फोडलेली नव्हती. आबेल १८२९ साली, सव्विसाव्या वर्षी, क्षयाने वारला. ज्या पानांकडे तेव्हा कोणी पाहिले नाही, तीच आज संग्राहकांना अनमोल वाटतात; कारण प्रती थोड्या, आणि एक नवा विचार जगापुढे प्रथम आला तो त्यांतूनच.

मात्र संग्रहाची आवड लोभाला पोचली की ज्ञानाची हानी होते. आबेलचा दुसरा एक निबंध पॅरिसमध्ये १८४१ साली छापला गेला आणि त्याचे हस्तलिखित नाहीसे झाले. छपाईची देखरेख लिब्री या ग्रंथसंग्राहकाकडे होती. पुढे ग्रंथालयांतील ग्रंथ चोरल्याबद्दल १८५० मध्ये तो दोषी ठरला. ते हस्तलिखित १९५२ साली इटलीत सापडले. पण त्यातील काही पाने गहाळ झाली होती.

त्याच काळात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. बाळशास्त्री जांभेकरांनी कलनशास्त्रावर ‘शून्यलब्धि’ हा ग्रंथ लिहिला. शाळेची पुस्तके मुलांच्या हाताळण्याने फाटतात, झिजतात. म्हणूनच ती पुढे दुर्मिळ होतात.

तेव्हा जुना कागद टाकण्यापूर्वी तो एकदा वाचावा. त्यावरील साल पाहावे व जाणत्याला दाखवावा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ग्रंथ जतन करीत आहे. पेटीत कोंडलेला कागद एकट्याचा असतो. ग्रंथालयात ठेवलेला कागद सर्वांचा होतो.