हातात हळद नाही, मग वायदा कशाला?

सातारा असो की सांगली, कट्ट्यावर फ्युचर-ऑप्शनच्या नफ्याचेच स्क्रीनशॉट फिरतात. तोट्याचे कुणी दाखवत नाही. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या एफ अँड ओमध्ये १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले.

खरंतर सांगलीला फ्युचर नवं नाही. ॲप यायच्या कितीतरी आधीपासून इथं हळदीचे वायदे व्हायचे. गोदामात माल असलेला व्यापारी वायदा विकून ठेवतो. भाव पडला तर मालातला तोटा वायद्यात बराचसा भरून निघतो. तुमच्या हॉस्टेलच्या खोलीत माल कुठाय? एनसीडीईएक्सवर हळदीचा लॉट ५ टनांचा. भाव क्विंटलमागे १०० रुपये उलटा फिरला, की ५ हजार गेले!

तरी शिकायचंय? मग हे पाळा:

- तीन महिने सौदे फक्त वहीत करा. ब्रोकरेज, कर धरून हिशेब मांडा.
- ऑप्शन विकायच्या फंदात पडू नका. मिळतो तो प्रीमियम ठरलेला, तोटा कितीही.
- फीचे किंवा उसने पैसे लावू नका.
- टेलिग्रामवरच्या 'सरां'ची सेबी नोंदणी तपासा.

वहीतच तोटा दिसला? झकास, फुकटात शिकलात!