एम्प्रेस मॉल, 1877 आणि तुमचा डिलिव्हरीवाला मित्र

एम्प्रेस मॉलमध्ये तुम्ही पिक्चर पाहिला असेल, सेलमध्ये जीन्स घेतली असेल. पण नागपुरातल्या मॉलचं नाव 'एम्प्रेस' कसं, हे कधी कोणाला विचारलंय का? मीही नव्हतं विचारलं.

जमशेटजी टाटांनी तलावाकाठची दलदलीची जमीन भरून घेतली आणि 1 जानेवारी 1877 ला इथे कापड गिरणी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून 'एम्प्रेस'. हा माणूस सोनं मातीत घालतोय, असं म्हणून एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला होता, ही गोष्ट तर अजूनही सांगतात. गिरणीचे मॅनेजर बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले, कापडाचा अनुभव शून्य. आणि लँकेशायरवाले ज्याला नाक मुरडत होते ते अमेरिकेतलं नवं रिंग स्पिंडल इथे लवकर वापरलं गेलं. म्हणजे त्या काळचं स्टार्टअपच म्हणा ना!

पण 1877 ची दुसरी बाजू मॉलच्या भिंतीवर लिहिलेली नाही. त्याच वर्षी या गिरणीतल्या कामगारांनी मजुरीच्या दरावरून संप केला. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांपैकी हा एक. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत, पगार कापला म्हणून रेल्वे कामगारांनी गाड्या थांबवल्या. राष्ट्राध्यक्ष हेस यांनी लष्कर पाठवलं. शंभरच्या आसपास माणसं मेली. अमेरिकेच्या त्या काळाला 'गिल्डेड एज' म्हणतात. वरून सोन्याचा मुलामा, आत वेगळंच काही. हे नाव मार्क ट्वेनच्या 1873 च्या कादंबरीवरून पडलं.

आज तिथले अभ्यासक 'दुसरं गिल्डेड एज' म्हणतात, तेव्हा रेल्वेसम्राटांच्या जागी टेकसम्राट असतात. 2022 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर अ‍ॅमेझॉनच्या गोदामातल्या कामगारांनी मतदान करून युनियन आणली. त्याआधी 2020 मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी 20 कोटी डॉलर्सहून जास्त खर्च करून सार्वमत जिंकलं. कशासाठी? तर ड्रायव्हर आपले 'कर्मचारी' ठरू नयेत यासाठी.

आता आपल्याकडे या. माझा एक मित्र कॉलेज सुटलं की डिलिव्हरी करतो. पावसात गाडी घसरली, मनगट मोडलं. अ‍ॅपने काय केलं? ऑर्डर दुसऱ्याला दिली. तीन आठवडे त्याची कमाई बंद. तो 'पार्टनर' आहे ना! पार्टनरला पगारी रजा कुठली बाप्पा?

इथेच मला गिरणी आठवली. सुरुवातीला कामगार रोज यायचेच असं नव्हतं. हजेरी टिकावी म्हणून जमशेटजींनी बक्षिसं सुरू केली, खेळांचे दिवस ठेवले. (अ‍ॅपचे 'आज 15 ऑर्डर, बोनस मिळवा' आठवले का?) पण ते तिथे थांबले नाहीत. 1886 मध्ये पेन्शन फंड आणला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई, 1901 मध्ये प्रॉव्हिडंट फंड. या भरपाईचा कायदा देशात 1923 ला आला, पीएफचा 1952 ला. तोवर सगळं मालक कोण भेटतो यावर. मालक चांगला निघाला तर भरपाई, नाहीतर नशीब. एम्प्रेसवाल्यांचं नशीब बरं होतं. बाकीच्या गिरण्यांमधल्या लाखोंनी वाट पाहिली.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग वर्कर' हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आला. पण व्याख्या वाचा: नेहमीच्या मालक-कामगार नात्याबाहेर काम करणारा. म्हणजे माझ्या मित्राचं नाव कागदावर आलं, पण त्याचा मालक कोण, ते नाही आलं.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो मॉलच्या गेटवर ऑर्डरची वाट पाहत उभा होता. मी त्याला 1877 चा संप सांगितला.

"इथंच झाला होता?" त्याने मागे वळून गेटकडे पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. ऑर्डर रेडी.