परकोटाची निगा आणि आपली शाळा

इयत्ता चौथीच्या वर्गात शिवकालीन गडकोटांचे पाठ शिकविताना आपल्या भागातील शिक्षकांस एक अडचण नेहमी जाणवते. रायगड, प्रतापगड, पन्हाळा ही नावे मुलांना पाठ होतात. परंतु बुरूज कशास म्हणतात, तट किती रुंद असतो, मोठ्या दरवाज्याखेरीज लहान खिडक्या कशासाठी ठेवीत, असे विचारले म्हणजे वर्ग गप्प बसतो. यात मुलांचा दोष नाही. सह्याद्रीचे गड येथून शेकडो मैल दूर आहेत आणि चित्रावरून दगडाची जाडी कळत नाही. तथापि याच मुलांपैकी अनेकजण बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी किंवा चैत्रात महाकालीच्या यात्रेसाठी चंद्रपुरास जातात आणि तेथील परकोटाच्या दरवाज्याखालून ये-जा करतात. परकोट त्यांनी पाहिलेला असतो. तो त्यांना कोणी दाखविलेला नसतो.

प्रस्तुत लेखात या परकोटाची थोडक्यात माहिती, त्याच्या निगेसाठी एका स्थानिक संस्थेने केलेले काम, आणि त्यावरून खेड्यातील शाळेने काय घ्यावे, हे सांगण्याचा उद्देश आहे.

परकोटाची ओळख

इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होय. तिची स्थापना खांडक्या बल्लाळशहा याने केली असे परंपरा सांगते. राजा शिकारीस गेला असता एक ससा उलट कुत्र्याचाच पाठलाग करताना त्यास दिसला, आणि ससा ज्या मार्गाने धावला त्या मार्गाने राणीच्या सल्ल्यावरून तटाची आखणी झाली, अशी आख्यायिका आहे. वर्गात ही कथा अवश्य सांगावी, परंतु आख्यायिका म्हणूनच सांगावी. लोकांनी आपल्या गावाविषयी मनात काय जपले हे कथेवरून कळते. तट कोणत्या दगडाचा आहे हे मात्र तटापाशी गेल्यावरच कळते. इतिहासाच्या अभ्यासाला या दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्यांतील फरक मुलांना लवकर उमजावा हे इष्ट.

हा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा आहे. त्यास जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे असून विठोबा, हनुमान, चोर, मसाण व बगड या नावांच्या पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे येथे घराची खिडकी नव्हे, तर तटातील लहान प्रवेशद्वार होय. दरवाज्यांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले आहे. ते गोंड राजसत्तेचे चिन्ह मानले जाते. अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील राजा वीरशहाची समाधी राणी हिराईने बांधविली. पतीच्या मृत्यूनंतर अठराव्या शतकाच्या प्रारंभी या राणीने राज्यकारभार पाहिला, हे मुलींच्या वर्गात विशेषेकरून सांगण्यासारखे आहे. १७५१ मध्ये गोंडांची सत्ता जाऊन नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, आणि मे १८१८ मध्ये तोफांच्या माऱ्याने तट फोडून इंग्रजांनी शहर घेतले.

एका संस्थेचे काम

शत्रूच्या तोफांनी तटाला भगदाड पाडले ते एका ठिकाणी. त्यानंतरच्या दीर्घकाळात झालेली हानी अशी एका जागी दाखविता येत नाही. दगडांच्या सांध्यांत पाखरांनी टाकलेले पिंपळाचे बी रुजले, मुळे जाड झाली, दगड सुटले. तटावरच्या वाटा झुडपांनी बुजल्या. लोकांनी पायथ्याशी केरकचरा टाकला. ज्या वास्तूकडे कोणी जात नाही तिच्याविषयी कोणी बोलत नाही, आणि जिच्याविषयी कोणी बोलत नाही तिचा एखादा दगड घराच्या पायास नेला तरी कोणास काही वाटत नाही.

या स्थितीत चंद्रपूर येथील इको-प्रो या स्वयंसेवी संस्थेने १ मार्च २०१७ रोजी किल्ल्याच्या स्वच्छतेचे काम हाती घेतले. श्री. बंडू धोतरे हे या संस्थेचे अध्यक्ष असून वन, वन्यजीव आणि पर्यावरण हे तिचे मूळ कार्यक्षेत्र होय. कार्यकर्त्यांनी सकाळच्या वेळी एकत्र येऊन श्रमदान करावे, झुडपे काढावीत, कचरा व माती घमेल्यांनी उचलावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे, असा साधा क्रम होता. तो खंड न पडता चालू राहिला. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांनी आपल्या ‘मन की बात’ या आकाशवाणीवरील कार्यक्रमात या २०० दिवसांच्या अखंड कामाचा उल्लेख केला. त्यानंतरही काम थांबले नाही. तटावरून पुन्हा चालता येऊ लागल्यावर नागरिकांस व विद्यार्थ्यांस बुरूज आणि दरवाजे दाखविणाऱ्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यांस तेथे ‘हेरिटेज वॉक’ असे म्हणतात.

शिक्षकांनी या कामातील दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, एक दिवसाचे स्वच्छता-अभियान आणि रोजची निगा यांत मोठा फरक आहे. पावसाळा संपताच झुडपे पुन्हा वाढतात. छायाचित्र काढून घरी गेलेल्या माणसाला ती दिसत नाहीत. दुसरी अशी की, स्वच्छतेनंतर लोकांना तटावर आणले गेले. तट केवळ साफ करून सोडला असता तर काही वर्षांत तो पूर्ववत झाला असता. ज्या मुलाने बुरुजावर उभे राहून इरईचे पात्र पाहिले, ते मूल मोठेपणी त्या बुरुजाखाली कचरा टाकताना निदान थबकेल. संस्थेच्या कामाचा खरा आधार हा आहे, आणि शाळेचे काम येथेच सुरू होते.

जतन म्हणजे काय

चौकस विद्यार्थी एक प्रश्न निश्चित विचारील: झाडे वाचविणाऱ्या संस्थेनेच झाडे का तोडावीत? हा प्रश्न टाळू नये. पिंपळ पाराशी उभा असता छाया देतो. तोच तटाच्या सांध्यात वाढला की पाचर ठोकल्याप्रमाणे दगड अलग करतो. म्हणून तो तेथून काढावा लागतो. तथापि जाड झालेले मूळ हिसका देऊन ओढले तर त्यासोबत दगडही निखळतो. अशी झाडे जाणकारांच्या देखरेखीखालीच काढावी लागतात. चांगला हेतू आणि चांगले परिणाम यांमध्ये माहिती असावी लागते, ती अशी.

हेच चुन्याविषयी. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओलावा आत घेतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला म्हणजे ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि कालांतराने दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. पाहणाऱ्यास भिंत भक्कम झाल्यासारखी वाटते, परंतु आतून ती क्षीण होत असते. मूर्तीस तैलरंग देणे, वीरगळावर चुन्याचा हात फिरविणे, शिलालेखाची अक्षरे लोखंडी ब्रशाने घासणे, हे सर्व प्रकार श्रद्धेने किंवा उत्साहाने केले जातात आणि त्यांनी झालेली हानी पुन्हा भरून येत नाही. नवे करणे म्हणजे दुरुस्ती. आहे ते आहे तसे टिकविणे म्हणजे जतन. हा भेद मुलांना एका उदाहरणाने समजावता येईल. आजोबांच्या हस्ताक्षरातील जुने पत्र फाटू लागले तर आपण ते सुवाच्य अक्षरात उतरवून मूळ पत्र चुलीत टाकीत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथील मंदिरसमूह याचा अधिक गंभीर दाखला देतो. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी ही दगडी मंदिरे आहेत. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्यांची पाहणी केली होती, आणि वीज पडून मुख्य मंदिराची हानी झाल्याची नोंद आहे. अलीकडे या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी दगड उतरविण्यात आले आणि पुढील काम दीर्घकाळ रेंगाळले. उतरविलेला प्रत्येक दगड पुन्हा आपल्या जागी बसविणे किती अवघड असते, हे महाशिवरात्रीच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे.

शाळेने करावयाचे काम

प्रत्येक गावास परकोट नसतो; परंतु पाहण्यासारखे काही नाही असे गाव विरळा. आरमोरी तालुक्यात वैरागडचा किल्ला आहे, भद्रावतीस विजासनची बौद्ध लेणी आहेत, चिमूर तालुक्यात हिरापूर येथे बृहदश्मयुगीन दगडी रचना आहे, आणि सिरोंचा तालुक्यात वडधम येथे प्राचीन वृक्षांचे व प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. ज्या गावी यांपैकी काही नाही, तेथे जुनी विहीर, मालगुजारी तलावाची पाळ, पाराखालची वीरगळ यांपैकी एखादे स्थळ असतेच. त्यांपैकी एकच स्थळ शाळेने निवडावे आणि पुढील क्रमाने काम करावे.

प्रथम, स्थळाचे मोजमाप घ्यावे. दोरीस मीटर-मीटरवर गाठी मारून मुलांनी लांबी व रुंदी मोजावी आणि चौकटीच्या वहीत आराखडा काढावा. गणिताचा तास यातच साधतो.

दुसरे, गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांस भेटून मुलांनी स्थळाविषयीच्या कथा लिहून घ्याव्यात. सांगणाऱ्याची भाषा गोंडी, माडिया किंवा झाडीबोली असल्यास त्याच भाषेतील शब्द ठेवावेत, ते ‘शुद्ध’ करू नयेत. कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी सांगितले, हे शेवटी नोंदवावे.

तिसरे, दरवर्षी २६ जानेवारीस एकाच जागी उभे राहून स्थळाचे एक छायाचित्र घ्यावे व ते शाळेच्या नोंदवहीत लावावे. पाच वर्षांनी ती पाच छायाचित्रे शेजारी ठेवली म्हणजे भेग वाढली की नाही, झाड कोठे रुजले, दगड कोणता हलला, हे कोणाच्याही सांगण्यावाचून दिसते. ग्रामपंचायतीस किंवा पुरातत्त्व विभागास अर्ज करताना याहून उत्तम पुरावा नाही.

चौथे, स्थळाभोवतालचा केरकचरा काढण्यापुरतेच श्रमदान करावे. वास्तूस हात लावावयाचा नाही, हा नियम मुलांस आधीच सांगावा.

सावधगिरी

केंद्राच्या १९५८ च्या आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या अधिनियमान्वये संरक्षित स्मारकांत परवानगीवाचून कोणतेही खोदकाम, बांधकाम वा बदल करता येत नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतच्या क्षेत्रात नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात पूर्वपरवानगी लागते. शेत नांगरताना मूर्ती, नाणी किंवा ताम्रपट सापडल्यास ती वस्तू जेथे आहे तेथेच राहू द्यावी आणि पोलीस पाटील, तलाठी अथवा तहसीलदार यांस कळवावे. जीवाश्माचे तुकडे मुले खिशात घालून आणतात. ते जागेवरून हलले म्हणजे त्यांचा निम्मा अर्थ नाहीसा होतो, हे त्यांस प्रेमाने समजवावे.

माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची रीत आहे. त्या शिळा आणि गोटूल ही त्या गावची जिवंत ठिकाणे होत. तेथे गावच्या वडीलधाऱ्यांची संमती घेतल्यावाचून मुलांना नेऊ नये, मोजमाप किंवा छायाचित्रही घेऊ नये.

पावसाळ्यात जुन्या भिंतींजवळ वर्ग नेणे धोक्याचे आहे. झुडपांत साप-विंचू असतात, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावांच्या शिवारात वाघाचा वावर असल्याने पहाटे व तिन्हीसांजेस मुलांना तिकडे पाठवू नये. दोन मोठी माणसे सोबत असल्यावाचून सहल काढू नये.

या कामासाठी वेगळे अनुदान लागत नाही. एक दोरी, एक नोंदवही आणि आठवड्यातील एक तास पुरेसा आहे. शिक्षकाची बदली झाली तरी नोंदवही शाळेत राहावी व नवागत शिक्षकाने ती पुढे चालवावी. चंद्रपूरच्या तटावर जे काम रोजच्या नियमाने साधले, ते खेड्यातील शाळेत आठवड्याच्या नियमाने साधेल. चालू सत्रात प्रत्येक शाळेने निदान एका स्थळाची नोंद पूर्ण करून ती केंद्रसंमेलनात मांडावी, अशी अपेक्षा आहे.