ढगातल्या हिशेबाला सील कोणाचे?



काट्यावरचे वजन पूर्वी जाड वहीत चढायचे. वही कारखान्याच्या कपाटात, पावती आपल्या खिशात. दोन्हींचा मेळ बसला की शंका मिटायची. आता पुष्कळ ठिकाणी हेच आकडे 'क्लाऊड'वर जातात. क्लाऊड म्हणजे आभाळातला ढग नव्हे, दूर कुठे कुणा कंपनीच्या इमारतीत भाड्याने घेतलेले संगणक. मग सभासद विचारतो, "वही परक्याच्या घरात. तिथं रात्रीतून कुणी आकडा फिरवला तर?" प्रश्न रास्त आहे.

यावर 'ब्लॉकचेन'चा उपाय सांगतात. नाव अवघड, गोष्ट सोपी. संगणक प्रत्येक नोंदीचा एक ठसा काढतो. एसएचए-२५६ या रीतीचा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो. १४.३२० टनाचे कुणी १३.३२० केले, तर बदल एकाच आकड्याचा, पण ठसा पार निराळा येतो. पुढच्या नोंदीचा ठसा काढताना मागचा ठसाही त्यात मिसळतात. त्यामुळे मधली एक कडी बदलली की पुढच्या साऱ्या बदलाव्या लागतात.

पण अख्खी साखळी एकाच्याच हाती असली तर तो ती नव्याने ओवील की! म्हणून साखळीच्या प्रती अनेकांकडे ठेवतात, नाहीतर शेवटचा ठसा चारचौघांत जाहीर करतात. अमेरिकेतल्या हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी १९९१ साली ही कल्पना मांडली. १९९५ पासून त्यांच्या श्युअरिटी कंपनीने आठवड्याचा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. घरोघर गेलेला पेपर कोण गोळा करणार? एस्टोनिया देशावर २००७ साली मोठा सायबर हल्ला झाला. तिथल्या सरकारी नोंदवह्यांना २०१२ पासून अशीच ठशांची साखळी जोडली आहे.

आता खरी मेख. काटाच मारला असेल, तर ब्लॉकचेन ते खोटे वजनही तितक्याच इमानाने जपेल. साखळीला नोंद बदललेली कळते, नोंद खरी होती का ते कळत नाही. तेव्हा भरलेली आणि रिकामी गाडी आपल्या डोळ्यांदेखत काट्यावर चढली पाहिजे. आणि नोंदच पुसली गेली, तर ठशावरून ती परत मिळत नाही. प्रत वेगळी ठेवावीच लागते.

आमच्या मते एवढ्यासाठी महागडी यंत्रणा नको. दर पंधरवड्याच्या वजनांचा ठसा गट ऑफिसच्या फळ्यावर लावावा, या पत्रिकेतही छापावा. हिशेबतपासनीस पुढे केव्हाही तो पुन्हा काढून ताडून पाहू शकतील. तोवर काटापावती बंडीच्या खिशात धुवायला टाकू नका.